शिळ्या अन्नाचे घड्याळ

आपल्याकडे साधारण दोन प्रकारची घरे दिसतात. पहिल्या घरात काहीही टाकले जात नाही. कालचे वरण, परवाची उसळ, चार दिवसांपूर्वीची चटणी असे सगळे लहान-लहान वाट्यांतून फ्रिजमध्ये मुक्कामाला असते आणि कधी ना कधी कुणाच्या तरी ताटात येते. दुसऱ्या घरात काहीही ठेवले जात नाही. रात्री उरलेले सकाळी कचऱ्याच्या डब्यात जाते, कारण ‘शिळे खाल्ले की आजार होतो’ ही तिथली पक्की समजूत. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात या दोन्ही घरांतली माणसे येतात आणि दोघेही एकच प्रश्न विचारतात, ‘‘डॉक्टर, शिळे खाल्लेले चालते का?’’

याचे सरळ हो किंवा नाही असे उत्तर देता येत नाही, कारण विचारणाऱ्याने एक महत्त्वाची गोष्ट सांगितलेली नसते. अन्न शिजल्यापासून ते खाईपर्यंत किंवा फ्रिजमध्ये जाईपर्यंत ओट्यावर किती वेळ होते? रात्री साडेआठला शिजलेला, साडेनऊला फ्रिजमध्ये गेलेला आणि सकाळी चांगला परतून खाल्लेला भात बहुतेकांना काहीही करत नाही. तोच भात रात्रभर कुकरमध्ये राहिला, तर तो सकाळी कितीही खमंग फोडणी घातली तरी धोक्याचा असू शकतो. दोन्ही भात ‘शिळे’च. फरक आहे तो घड्याळाचा आणि तापमानाचा.

किती वाया जाते?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातला साधारण ६० टक्के वाटा घरांचा होता. हॉटेले आणि दुकाने त्यानंतर येतात. भारतातल्या घरांसाठी या अहवालात धरलेला अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोंचा आहे. यात साली, देठ, हाडे असा न खाण्याजोगा भागही येतो, हे खरे. तरीही चौघांच्या घराचा हिशेब मांडला तर तो वर्षाला २२० किलो, म्हणजे रोजचा सहाशे ग्रॅमच्या आसपास जातो. कचऱ्याच्या ढिगाऱ्यात हवेविना कुजणाऱ्या अन्नातून मिथेन वायू निघतो आणि पृथ्वी तापवण्यात त्याचाही हातभार लागतो.

ज्यांनी १९७२चा दुष्काळ पाहिला, मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले, त्या पिढीला अन्न टाकवत नाही. ही सवय हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ती टिकावी असेच मला वाटते. फक्त तिला थोडी जंतुशास्त्राची जोड हवी.

पातेल्यात काय घडते?

भाताचेच उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त उरतो तो भात. तांदळावर ‘बॅसिलस सिरियस’ नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. हा जंतू मातीतला, त्यामुळे धान्याबरोबर घरात येतो. भात शिजवताना जंतू मरतात, पण बीजाणू म्हणजे त्यांचे कवचधारी रूप उकळत्या पाण्यातही तग धरते. भात गरम असेपर्यंत ते गप्प असतात. तो कोमट झाला आणि तसाच राहिला की बीजाणू उगवतात, जंतू वाढू लागतात आणि त्यांतले काही विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही; प्रेशर कुकरच्या तापमानालाही ते पुरून उरते. त्यामुळे सकाळी भात वाफवला तर जंतू मरतील, पण रात्रभरात तयार झालेले विष तसेच राहील. असा भात खाल्ल्यावर साधारण एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

१९७०च्या दशकात ब्रिटनमधल्या चिनी उपाहारगृहांत फ्राइड राइस खाऊन उलट्या होण्याच्या अनेक घटना घडल्या. शोध घेतल्यावर कारण साधे निघाले. आदल्या दिवशी शिजवलेला भात मोकळा राहावा म्हणून फ्रिजबाहेरच ठेवला जाई आणि दुसऱ्या दिवशी घाईने परतून वाढला जाई. आपला फोडणीचा भात याहून फार वेगळा नाही.

असे विष तयार करणारा दुसरा जंतू म्हणजे ‘स्टॅफिलोकॉकस’. तो माणसाच्या नाकात आणि त्वचेवर असतो, बोटाला पिकलेली जखम असेल तर अधिकच. मळताना, कालवताना, उष्टा चमचा पातेल्यात घालताना तो अन्नात जातो. पेढे, खवा, पनीर, बटाट्याची भाजी यांत तो मजेत वाढतो. मटणाच्या किंवा चिकनच्या रश्श्याचे मोठे पातेले ओट्यावर निवत ठेवले, तर त्याच्या कोमट पोटात ‘क्लॉस्ट्रिडियम’ जातीचा तिसरा जंतू वाढतो. लग्नकार्यानंतर दुसऱ्या दिवशी पोटात कळ येऊन जुलाब होणाऱ्या पाहुण्यांच्या आजारामागे अनेकदा हाच असतो.

शितावरून भाताची परीक्षा होते, असे आपण म्हणतो. शिजला की नाही, याची होते. बिघडला की नाही, याची होत नाही. अन्नाला वास, तार किंवा बुरा आणणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बरेचदा वेगळे. वास आला तर अन्न टाकायचेच, पण वास आला नाही म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. ‘जरा चाखून बघ’ ही तपासणी तर कुणाच्याच फायद्याची नाही.

दोन तासांचा नियम

जागतिक आरोग्य संघटनेचा सुरक्षित अन्नाचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जंतूंच्या वाढीचा टप्पा. शिजवलेले अन्न या टप्प्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. गरम ठेवायचे तर ६० अंशांच्या वर, थंड ठेवायचे तर ५ अंशांच्या खाली. आपल्याकडे एक भर घालावी लागते. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर, अकोला किंवा जळगावात स्वयंपाकघराचे तापमान चाळिशीला भिडते, तेव्हा दोन तास हेही जास्त झाले. बाहेरचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एक तास धरावा.

गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवू नये म्हणून ते पूर्ण गार होईपर्यंत बाहेर ठेवण्याची पद्धत घरोघरी आहे. त्यातच दोन-तीन तास जातात. खरे तर वाफ जिरली की अन्न आत ठेवायला हरकत नाही. लवकर निवावे म्हणून भात परातीत पसरावा. आमटीचे पातेले गार पाण्याच्या परातीत ठेवून मधूनमधून ढवळावे. मोठ्या पातेल्याऐवजी दोन-तीन पसरट, झाकणाच्या डब्यांत अन्न वाटून ठेवावे. शिजलेले अन्न वरच्या कप्प्यात आणि कच्चे मटण-मासे झाकून खाली ठेवावेत, म्हणजे त्यांचे पाणी शिजलेल्या अन्नात ठिबकत नाही. फ्रिज इतका खच्चून भरू नये की थंड हवेला फिरायला जागा उरणार नाही. वीज गेली तर दार उघडू नये. बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो.

किती दिवस ठेवावे? फ्रिजचे सतत उघडणारे दार आणि भारनियमन लक्षात घेऊन मी रुग्णांना सांगतो, की भात आणि मासे दुसऱ्या दिवशी संपवा. वरण, उसळ, भाजी, चिकन दोन दिवसांत. त्याहून जास्त ठेवायचे असेल तर सुरुवातीलाच फ्रीजरमध्ये टाका. फ्रीजरमध्ये जंतू मरत नाहीत, पण त्यांची वाढ थांबते.

खायच्या वेळी लागेल तेवढेच बाहेर काढून पुन्हा तापवावे. आमटी-रस्सा उकळी फुटेपर्यंत. भात आणि भाजी आतपर्यंत वाफा येतील अशी. मायक्रोवेव्हमध्ये अन्न कडेला तापते आणि मध्ये गार राहते, म्हणून मध्येच ढवळावे. एकदा तापवलेले पुन्हा फ्रिजमध्ये आणि पुन्हा गॅसवर, हा खेळ करू नये.

जुन्या रीतींमागचे शास्त्र

फ्रिज नव्हता तेव्हाही उरलेले अन्न वापरले जातच होते. शीतळासप्तमीला तर मुद्दाम आदल्या दिवशी रांधलेले खाण्याची रीत आहे. या रीती नीट पाहिल्या तर त्यांत कोरडेपणा, आंबटपणा आणि पुन्हा दिलेली आच असे तीन धागे दिसतात.

ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी कोरडी असते. जंतूंना वाढायला पाणी लागते, म्हणून रात्रीची भाकरी सकाळी ताकात कुस्करून खाणे भातापेक्षा सुरक्षित. ओडिशातला पखाळ किंवा आपल्याकडची अंबील यांत मुद्दाम आंबवणे असते. आंबटपणा वाढला की बहुतेक अपायकारक जंतूंची वाढ मंदावते. म्हणजे स्वच्छ भांड्यात नीट आंबवलेला पदार्थ आणि कुकरमध्ये विसरलेला भात या दोन गोष्टी एकच नव्हेत. गोव्यात आदल्या दिवशीची माशाची आमटी सकाळी आटवून पोळीबरोबर नाही, तर पावाबरोबर खातात. तिच्यात चिंचेचा किंवा आमसुलांचा आंबटपणा असतो आणि आटवताना ती बराच वेळ उकळते. अर्थात तीही रात्री फ्रिजमध्येच असावी.

एक इशारा मात्र हवा. बांगडा, सुरमई, कुपा असे मासे पकडल्यानंतर बर्फाविना राहिले तर त्यांत हिस्टामिन साचते. ते शिजवून किंवा आटवून जात नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत चेहरा लाल होतो, अंगावर गांधी येतात, डोके दुखते आणि लोक त्याला माशांची ॲलर्जी समजतात.

वेळेवर फ्रिजमध्ये गेलेल्या अन्नाला मात्र मोकळेपणाने नवे रूप द्यावे. पोळ्यांचा कुस्करा, घट्ट वरणात मळलेली कणीक, उसळीची मिसळ, कोरड्या भाजीचे पराठे, भात घातलेले थालीपीठ हे सगळे पौष्टिक आहे. वरणात मळलेल्या पोळीतून मुलांच्या पोटात जास्तीची प्रथिने जातात. फ्रिजमधली कणीक वरून काळपट दिसते ती हवेशी संयोग झाल्याने. एका दिवसाची असेल आणि आंबूस वास नसेल तर वापरायला हरकत नाही.

काय वाचवू नये?

पोळी, पाव, चटणी यांवर बुरशी दिसली तर तेवढा भाग काढून बाकीचे खाऊ नये. वर दिसतो तो बुरशीचा फुलोरा. तिचे धागे मऊ पदार्थात आत पसरलेले असतात. बुरशी लागलेले किंवा कडवट शेंगदाणे चटणीत दळून खपवू नयेत. काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होते आणि भाजल्याने ते पूर्णपणे जात नाही. १९७४ मध्ये राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातमधला पंचमहाल या भागांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने यकृताच्या आजाराची साथ आली होती आणि त्यात शंभराहून अधिक माणसे दगावली. घरात दुसरे धान्य नव्हते म्हणून लोकांनी तो मका खाल्ला होता.

हिरवे पडलेले बटाटे टाकावेत. त्यांतले सोलॅनिन शिजवून जात नाही. ओल्या नारळाची चटणी प्रवासाच्या डब्यात देऊ नये. बाळाच्या वाटीतली उरलेली खीर किंवा बाटलीतले उरलेले दूध पुढच्या वेळेसाठी राखू नये. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात साठवू नयेत.

उलट काही गोष्टी उगाच फेकल्या जातात. चिरलेला कांदा ‘हवेतले जंतू शोषतो’ म्हणून टाकायची गरज नाही; झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. पालकाची भाजी पुन्हा गरम केली की विषारी होते, ही भीतीही मोठ्या माणसांच्या बाबतीत निराधार आहे. तान्ह्या बाळांना मात्र ताजीच द्यावी. पाकिटावरचे ‘बेस्ट बिफोर’ हे चव आणि दर्जाविषयी असते. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्सपायरी’ ही तारीख मात्र पाळावी. मधुमेही रुग्ण हल्ली विचारतात, की गार केलेल्या भाताने साखर कमी वाढते का? भात गार झाल्यावर त्यातल्या काही पिष्टाचे रूप बदलते आणि ते सावकाश पचते, हे खरे. पण फरक थोडा असतो. त्याच्या भरवशावर भाताची वाटी वाढवू नये आणि गोळी तर नाहीच सोडू.

उरलेले कोण खाते?

अनेक घरांत बाई शेवटी जेवते. पातेल्याच्या तळाशी राहिलेली भाजी, मुलांनी टाकलेला अर्धा पराठा, कालची पोळी तिच्या वाट्याला येते. कधी ते घरातल्या आजींच्या वाट्याला येते. भूक संपल्यानंतर, केवळ वाया जाऊ नये म्हणून खाल्लेले दोन घास रोजचे झाले की वजन आणि साखर वाढते. इन्सुलिनची मात्रा ठरलेली असताना रात्री जास्तीची भाकरी संपवणाऱ्या आजींची सकाळची साखर का वाढते, हे घरच्यांना कोडे वाटते. भूक नसताना पोटात ढकललेले अन्न वाचले असे मानायचे कारण नाही.

शिवाय ज्यांच्या वाट्याला हे अन्न येते, त्यांनाच त्याचा धोका जास्त असतो. वय साठीच्या पुढचे, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, कर्करोगाचे उपचार, गरोदरपण यांत साधी विषबाधाही जड जाते. आम्लपित्तासाठी रोज गोळी घेणाऱ्यांच्या जठरात आम्ल कमी असते आणि आम्ल हा जंतूंविरुद्धचा पहिला पहारा. ‘लिस्टेरिया’ नावाचा जंतू तर फ्रिजच्या थंडाव्यातही हळूहळू वाढतो आणि गर्भाला इजा करू शकतो. या सगळ्यांनी आदल्या दिवशीचे खाल्ले तर चांगले उकळून खावे, नाहीतर ताजे खावे.

आमच्या वॉर्डांत हे रोज दिसते. गावाहून पहाटे निघालेला डबा एसटीने दुपारी पोहोचतो. रुग्ण थोडे खातो, उरलेले खाटेखाली ठेवले जाते आणि सोबतचा नातेवाईक रात्री ते खातो. बाहेर जेवायला पैसे नसतात आणि अन्न टाकायला मन होत नाही. अशा डब्यात भात, ओली चटणी, मासे देऊ नयेत. भाकरी, दशमी, धपाटे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, सुकी भाजी द्यावी आणि भाजी दुपारीच संपवावी.

घरकामाला येणाऱ्या मावशींना किंवा रखवालदाराला अन्न देताना एकच कसोटी लावावी. ते आपण आज, आपल्या मुलांना वाढू का? नसू, तर ते त्यांनाही देऊ नये. द्यायचेच असेल तर ताजे असतानाच द्यावे.

उरूच नये म्हणून

सर्वांत सुरक्षित उरलेले अन्न म्हणजे न उरलेले. एक वाटी तांदळाचा शिजून साधारण तीन वाट्या भात होतो. आठवडाभर रात्री किती वाट्या भात उरतो, हे कॅलेंडरवर लिहून पाहावे. पुढच्या आठवड्यात कुकरला लावायचा तांदूळ आपोआप कमी होतो. पोळ्या करण्यापूर्वी कोण जेवायला आहे, हे विचारावे, आणि जे बाहेर जेवणार आहेत त्यांनी ते वेळेवर कळवावे. भाजी दोन-तीन दिवसांपुरती आणावी. फ्रिजमध्ये एक कप्पा ‘आधी संपवायचे’ म्हणून ठेवावा आणि डब्यावर तारीख लिहिलेली चिकटपट्टी लावावी.

एवढे करूनही कधी पोट बिघडलेच, तर ओआरएस सुरू करावे. सरकारी दवाखान्यात मिळणारे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात कालवायचे. अर्धे-अर्धे करायचे नाही. उलटी होत असेल तर चमच्याने थोडे थोडे पाजावे. लहान मुलांना जुलाब थांबवणारी गोळी देऊ नये आणि मनाने प्रतिजैविकही घेऊ नये. शौचातून रक्त पडणे, लघवी कमी होणे, सुस्ती, पाणीही न ठरणे, मोठा ताप, यांपैकी काही दिसले किंवा रुग्ण तान्हे मूल, वृद्ध वा गरोदर बाई असेल, तर थांबू नये. काय खाल्ले आणि ते कधी शिजवले होते, हे डॉक्टरांना सांगावे.

राहता राहिला प्रश्न दोन तासांचा. रात्री सगळ्यांची जेवणे होतात, मंडळी टीव्हीसमोर बसतात आणि शेवटी जेवणारीच ओटा आवरायला घेते. तोवर भात शिजून तीन तास झालेले असतात. म्हणून ताटावरून जो पहिला उठेल, त्याने उरलेला भात डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावा. पाच मिनिटांचे काम आहे आणि त्याला स्वयंपाक यावा लागत नाही.